लॅबमधल्या सगळ्या मशीनवर एकच मेनू: हलक्या लिनक्सवर तो एका जागेवरून कसा सांभाळायचा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि मुंबईतल्या कितीतरी शाळा, रात्रशाळा, अभ्यासिका आणि ट्रस्टच्या कॉम्प्युटर खोल्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. मशीन चालू आहेत, पण विंडोज ११ त्यांच्यावर बसत नाही आणि नवीन घ्यायला पैसे नाहीत. मग कुणीतरी लॅमिंग्टन रोडवरून रॅमच्या जुन्या पट्ट्या आणि स्वस्तातल्या एसएसडी आणतं, दोन-तीन रविवार खर्ची पडतात, आणि सगळ्या मशीनवर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, झुबंटू किंवा लुबंटू चढतं. इथपर्यंत बहुतेक लोक व्यवस्थित पोचतात.

खरी कटकट त्यानंतर सुरू होते. मेनू उघडला की त्यात टर्मिनल दोन प्रकारचं, डिस्क फॉरमॅट करायचं साधन, टॉरेंट, ब्लूटूथ आणि कुणाला कधी लागणार नाही असं बरंच काही. सातवीतल्या मुलाला हवं असतं ते चित्र काढायचं साधन, आणि ते तिसऱ्या उपमेनूत दडलेलं. मग सर एका मशीनवर मेनू एडिटर उघडून नको ते काढतात. दुसऱ्या मशीनवर तेच. पाचव्या मशीनपर्यंत कंटाळा येतो, दहाव्यावर काय काढलं आणि काय ठेवलं ते आठवत नाही. पुढच्या अपडेटनंतर काढलेल्यातलं थोडंफार परत दिसू लागतं.

या लेखात दाखवलेला मार्ग वेगळा आहे. मेनू मशीनवर बसून दुरुस्त करायचाच नाही. तो म्हणजे काही साध्या मजकूर-फाइली आहेत, त्या एका फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि तिथून सगळीकडे पाठवायच्या. तुम्हाला टर्मिनल उघडता येत असेल आणि एखादी फाइल कॉपी करता येत असेल, तर एवढ्यावर काम भागतं.

एक सूचना आधीच. इथे आज्ञा, फोल्डर आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची. फोल्डरांची नावं आणि आज्ञा लहान अक्षरांत असतात. फाइलीच्या आतल्या किल्ल्यांमध्ये (म्हणजे बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडच्या शब्दांमध्ये) मात्र प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं आणि मध्ये जागा नसते. म्हणजे नोडिस्प्ले लिहिताना एन आणि डी दोन्ही मोठे. यात चूक झाली तर लिनक्स तक्रार करत नाही, ती ओळ नुसती सोडून देतो. म्हणूनच ही चूक सापडायला वेळ लागतो.

मेनू येतो कुठून

एक्सएफसीई, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी, माते या सगळ्या डेस्कटॉपांचे मेनू वेगवेगळे दिसतात, पण आतून एकाच नियमावर चालतात. फ्रीडेस्कटॉप नावाच्या प्रकल्पाने तो नियम ठरवून दिला आहे: प्रत्येक प्रोग्रॅमची एक छोटी फाइल असते, तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट डेस्कटॉप' असतं. मेनू या फाइली वाचतो आणि यादी बनवतो. पॅनेलमध्ये, म्हणजे मेनूचं बटण असलेल्या पट्टीत, स्वतःची अशी यादी कुठेच साठवलेली नसते.

या फाइली मुख्यतः तीन ठिकाणी असतात.

/यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स: इथे पॅकेजबरोबर, म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार गठ्ठ्याबरोबर, येणाऱ्या फाइली पडतात.
/यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स: हे तुमचं, म्हणजे लॅब सांभाळणाऱ्याचं ठिकाण. पॅकेज मॅनेजर इथे लुडबुड करत नाही.
~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स: हे प्रत्येक वापरकर्त्याच्या घरातलं, फक्त त्याच्यापुरतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एकाच नावाची फाइल दोन ठिकाणी असेल तर वरचढ ठिकाणची वाचली जाते आणि दुसरी पूर्णपणे झाकली जाते. वापरकर्त्याचं घर सगळ्यात वरचढ, मग लोकल, मग पॅकेजचं ठिकाण. त्यामुळे पॅकेजच्या फाइलीला हात न लावता लोकलमध्ये त्याच नावाची फाइल ठेवली की काम झालं. अपडेट आलं तरी ते खालची फाइल बदलतं, तुमची वरची तशीच राहते. /यूएसआर/शेअर मध्ये थेट केलेली दुरुस्ती मात्र पुढच्या अपडेटला पुसली जाते. अनेक लॅबमध्ये 'काढलेलं परत आलं' ही तक्रार असते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच.

फाइल आतून कशी दिसते ते पाहा. लिब्रेऑफिस रायटरची फाइल, नको त्या ओळी गाळून:

[डेस्कटॉप एंट्री]
टाइप=ॲप्लिकेशन
नेम=लिब्रेऑफिस रायटर
एक्झेक=लिब्रेऑफिस --रायटर %यू
आयकन=लिब्रेऑफिस-रायटर
कॅटेगरीज=ऑफिस;वर्डप्रोसेसर;
माइमटाइप=...

पहिली ओळ चौकटी कंसासकट हवीच. एक्झेक म्हणजे क्लिक केल्यावर चालणारी आज्ञा. शेवटचा %यू म्हणजे ज्या फाइलीवर दोनदा क्लिक केलं तिचा पत्ता. तो गाळला तर रायटर उघडतो, पण रिकामा. कॅटेगरीज ओळीवरून प्रोग्रॅम कुठल्या उपमेनूत जाणार ते ठरतं. माइमटाइप म्हणजे तो कुठल्या प्रकारच्या फाइली उघडतो त्यांची यादी.

आधी कागद, मग कीबोर्ड

लॅब वापरणाऱ्या सरांना आणि बाईंना विचारून यादी करा. प्रत्येक वर्गाला काय लागतं, कुठल्या नावाने लागतं. माझं मत विचाराल तर मुलांच्या खात्यावर दहा-बारा गोष्टींपेक्षा जास्त दिसू नये. जास्त दाखवून कुणी जास्त शिकत नाही, चुकीच्या जागी क्लिक करणं तेवढं वाढतं.

यादीत तीन रकाने ठेवा: दिसायला हवं, लपवायचं, मशीनवरूनच काढून टाकायचं. शेवटच्या रकान्यात भीतभीत लिहा. टॉरेंटसारखं खरोखर नको असलेलं काढून टाका, पण डेस्कटॉपच्या मूळ साधनांना हात लावू नका. एक पॅकेज काढताना दुसरी दहा पॅकेजं सोबत निघायला निघतात आणि घाईत कुणी ती यादी वाचत नाही.

पायरी १: एक नमुना मशीन निवडा

सगळं काम आधी एका मशीनवर. त्यावर मुलांचं खातं बनवा, त्या खात्यात शिरा आणि टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्या:

प्रिंटएन्व्ह एक्सडीजी_डेटा_डिर्स

आज्ञा लहान अक्षरांत, पुढचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत, आणि 'डिर्स' म्हणजे डी-आय-आर-एस. विसर्गचिन्हांनी तोडलेले फोल्डर दिसतील. डावीकडचा वरचढ. /यूएसआर/लोकल/शेअर हा /यूएसआर/शेअर च्या डावीकडे आहे ना, एवढं बघा. काहीच छापलं नाही तरी घाबरू नका, तेव्हा ठरलेला क्रम लागू होतो आणि त्यातही लोकलच पुढे असतो.

मिंटवर इथे फ्लॅटपॅकचाही (प्रोग्रॅम टाकायची एक वेगळी पद्धत) एक फोल्डर दिसेल, आणि तो बहुधा लोकलच्याही डावीकडे असतो. म्हणजे फ्लॅटपॅकमधून घेतलेला प्रोग्रॅम लोकलमधल्या फाइलीने झाकला जात नाही. लॅबसाठी मी म्हणेन की शक्य तेवढं सगळं नेहमीच्या पॅकेजमधूनच घ्या. जुन्या मशीनच्या डिस्कलाही ते झेपतं.

आता नको असलेल्या प्रोग्रॅमची फाइल शोधायची. मेनूतलं नाव आणि फाइलीचं नाव सारखं असेलच असं नाही, म्हणून आतला मजकूर शोधायचा:

ग्रेप -आरआयएल ट्रान्समिशन /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स

ज्या फाइलींत तो शब्द आहे त्यांची नावं येतील. नाव कागदावर जसंच्या तसं लिहून ठेवा, लहान-मोठ्या अक्षरांसकट. झाकायला नाव तंतोतंत जुळावं लागतं.

पायरी २: लपवणं

फाइल लोकलमध्ये कॉपी करा (फोल्डर नसेल तर आधी बनवा) आणि कॉपीमध्ये मुख्य विभागात ही ओळ घाला:

नोडिस्प्ले=ट्रू

ट्रू लहान अक्षरांत. सेव्ह केलं की काही सेकंदांत तो प्रोग्रॅम मेनूतून नाहीसा होतो. झाला नाही तर बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा.

'मुख्य विभागात' म्हटलं त्याला कारण आहे. काही फाइलींच्या खालच्या भागात 'नवीन विंडो', 'खाजगी विंडो' अशा कृतींचे वेगळे विभाग असतात, तेही चौकटी कंसाने सुरू होतात. ओळ फाइलीच्या अगदी शेवटी चिकटवली तर ती त्या उपविभागात जाते आणि काहीच होत नाही. म्हणून ती पहिल्या ओळीच्या लगेच खाली घालायची सवय लावा.

हिडन=ट्रू अशीही एक ओळ असते. ती जास्त कडक आहे: फाइल अस्तित्वातच नाही असं ती सगळ्यांना सांगते. नोडिस्प्ले मात्र फक्त मेनूतून लपवतं. चित्रदर्शक मेनूत नको असतो, पण चित्रावर दोनदा क्लिक केलं की तो उघडायला तर हवा. अशा वेळी नोडिस्प्लेच. आणि म्हणूनच पूर्ण फाइल कॉपी करायची, दोन ओळींची नवी बनवायची नाही. एक्झेक आणि माइमटाइप जागेवर राहायला हवेत.

लॅबमध्ये काही मशीन एक्सएफसीईवर आणि काही एलएक्सक्यूटीवर असतील तर ओन्लीशोइन आणि नॉटशोइन या किल्ल्या कामी येतात. नॉटशोइन=एलएक्सक्यूटी; लिहिलं की तो प्रोग्रॅम तेवढ्या डेस्कटॉपवर दिसत नाही. एकच फाइल सगळीकडे पाठवता येते, वेगळे संच ठेवावे लागत नाहीत. एकाच फाइलीत या दोनपैकी एकच किल्ली वापरा.

पायरी ३: मराठी नावं

ही पायरी सोडू नका. मेनू मराठीत झाला की खोलीतले प्रश्न निम्म्यावर येतात. रात्रशाळेत दिवसभर काम करून आलेल्या माणसाला 'रायटर' म्हणजे काय ते आधी समजावून सांगावं लागतं. 'पत्र किंवा अर्ज लिहा' असं दिसलं तर सांगावं लागत नाही.

नाव बदलायला नेम या ओळीत मराठी लिहिलं, सेव्ह केलं, आणि मेनूत जुनंच नाव दिसतंय, असं झालं तर फाइल खाली सरकवून बघा. तिथे नेम[एमआर] अशी ओळ आधीपासूनच असेल. मशीनची भाषा मराठी असेल तर मेनू आधी ही ओळ वाचतो, साध्या नेमकडे बघतही नाही. तीच बदला. नसेल तर घाला:

नेम[एमआर]=पत्र किंवा अर्ज लिहा
कॉमेंट[एमआर]=लिब्रेऑफिस रायटर उघडतो

कॉमेंट म्हणजे माउस वर नेला की दिसणारी ओळ. तिथे मूळ नाव ठेवावं असं मला वाटतं. उद्या हाच माणूस सायबरमध्ये किंवा ऑफिसात बसेल तेव्हा त्याला 'रायटर' हे नाव माहीत असलेलं बरं.

उलट अडचणही येते. मशीनची भाषा इंग्रजी ठेवली असेल तर एमआरची ओळ कोणी वाचणारच नाही. तिथे मराठी नाव थेट साध्या नेममध्ये लिहा, मुकाट्याने चालतं. भाषा मराठी ठेवायची तर लोकेल, म्हणजे त्या भाषेची सेटिंग, तयार झालेला हवा. डेबियनवर सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स ही आज्ञा देऊन (सुडो म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने) यादीतून एमआर_आयएन यूटीएफ-८ वर खूण करायची, मिंट आणि उबंटूच्या घराण्यात भाषेच्या सेटिंगमधून मराठी घ्यायची. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट नाही. लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी टाका. फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा. आजचे एडिटर ते आपोआप करतात, पण विंडोजवर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेलं नाव इथे चालणार नाही.

पायरी ४: स्वतःचा उपमेनू

हे ऐच्छिक आहे, पण शाळेला आवडतं. मेनूत 'आपला वर्ग' असा एक कप्पा, आणि त्यात जीकॉम्प्री (शैक्षणिक खेळ), टक्सपेंट (चित्रकला), टायपिंगचा सराव, शब्दलेखन. त्यासाठी तीन गोष्टी लागतात.

पहिली, तुमचा स्वतःचा गट. ज्या प्रोग्रॅमना त्या कप्प्यात घालायचं त्यांच्या लोकलमधल्या कॉपीत कॅटेगरीज ओळीत एक्स-वर्ग; अशी भर घाला. स्वतः बनवलेल्या गटाचं नाव मोठ्या एक्सने आणि आडव्या रेघेने सुरू व्हावं असा नियम आहे. नाव रोमन अक्षरांत ठेवा.

दुसरी, कप्प्याचं नाव आणि चित्र सांगणारी फाइल. ती /यूएसआर/लोकल/शेअर/डेस्कटॉप-डिरेक्टरीज मध्ये ठेवायची, नावाच्या शेवटी 'डॉट डिरेक्टरी'. आत पहिली ओळ [डेस्कटॉप एंट्री], मग टाइप=डिरेक्टरी, नेम=आपला वर्ग आणि एक आयकन, एवढंच.

तिसरी, कप्पा मेनूला जोडणारी फाइल. ती /ईटीसी/एक्सडीजी/मेनूज/ॲप्लिकेशन्स-मर्ज्ड या फोल्डरमध्ये, शेवटी 'डॉट मेनू'. ही एक्सएमएलमध्ये असते:

<मेनू>
<नेम>ॲप्लिकेशन्स</नेम>
<मेनू>
<नेम>वर्ग</नेम>
<डिरेक्टरी>वर्ग.डिरेक्टरी</डिरेक्टरी>
<इन्क्लूड><कॅटेगरी>एक्स-वर्ग</कॅटेगरी></इन्क्लूड>
</मेनू>
</मेनू>

फ्रीडेस्कटॉपच्या नियमाप्रमाणे मिसळताना बाहेरच्या मेनूचं नाव विचारात घेतलं जात नाही, तरी ते मूळ मेनूशी जुळवून ठेवलेलं बरं. एक्सएफसीईवर मूळ फाइल /ईटीसी/एक्सडीजी/मेनूज/एक्सएफसीई-ॲप्लिकेशन्स.मेनू, तिथे वरच्या भागात नाव काय लिहिलंय ते आधी पाहा आणि तेच वापरा. एलएक्सक्यूटीवर एलएक्सक्यूटी-ॲप्लिकेशन्स, एलएक्सडीईवर एलएक्सडीई-ॲप्लिकेशन्स. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, हे इथेही तसंच.

शेवटी तपासणी. डेस्कटॉप-फाइल-युटिल्स नावाचं पॅकेज टाका आणि प्रत्येक डॉट डेस्कटॉप फाइलीवर डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट चालवा. काहीच छापलं नाही म्हणजे फाइल बरोबर.

ओपनबॉक्स, आइसडब्ल्यूएम, जेडब्ल्यूएम असेल तर

फारच जुन्या मशीनवर पूर्ण डेस्कटॉप न ठेवता नुसता विंडो मॅनेजर, म्हणजे फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम, ठेवतात. अँटीएक्समध्ये आइसडब्ल्यूएम, पपीमध्ये जेडब्ल्यूएम, बन्सनलॅब्समध्ये ओपनबॉक्स. यांचा मूळ मेनू वरच्या नियमाने चालत नाही. प्रत्येकाची स्वतःची यादी-फाइल असते: ओपनबॉक्सची /ईटीसी/एक्सडीजी/ओपनबॉक्स/मेनू.एक्सएमएल, आइसडब्ल्यूएमची घरातल्या .आइसडब्ल्यूएम फोल्डरमधली मेनू, जेडब्ल्यूएमची .जेडब्ल्यूएमआरसी. काही वितरणं (अँटीएक्स, मिंटसारखे लिनक्सचे तयार संच) डेस्कटॉप फाइली वाचून ही यादी बनवणारी स्क्रिप्ट सोबत देतात. पण लॅबसाठी खरं तर हाताने लिहिलेली दहा ओळींची यादीच सोपी. जे लिहाल तेवढंच दिसेल, लपवालपवीची गरजच उरत नाही. पाठवण्याची पद्धत मात्र खाली आहे तीच.

पायरी ५: सगळीकडे पाठवणं

नमुना मशीनवर मन भरलं की तुमच्या फाइली एका फोल्डरमध्ये जमा करा. आत रचना मशीनवर जशी असते तशीच: यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स, यूएसआर/लोकल/शेअर/डेस्कटॉप-डिरेक्टरीज, ईटीसी/एक्सडीजी/मेनूज/ॲप्लिकेशन्स-मर्ज्ड. हा फोल्डर गिटमध्ये ठेवलात तर कुणी कधी काय बदललं ते कळतं. गिट येत नसेल तर तारखेच्या नावाने कॉपी ठेवा, तेही चालेल. मात्र मूळ फोल्डर एकच, आणि बदल फक्त तिथेच. मशीनवर जाऊन 'एवढं एकच पटकन' करायचा मोह सगळी व्यवस्था मोडतो.

पाठवायला आरसिंक (फाइली कॉपी करून जुळवणारी आज्ञा) आणि एसएसएच (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायची सोय). प्रत्येक मशीनवर ओपनएसएसएच-सर्व्हर टाका. तुमच्या मशीनवर एसएसएच-कीजेनने किल्ली (पासवर्डऐवजी चालणारी फाइल) बनवा आणि एसएसएच-कॉपी-आयडीने ती सगळीकडे पोचवा. हे एकदाच करायचं. राउटरमध्ये प्रत्येक मशीनचा आयपी पत्ता कायम करून टाका आणि पत्त्यांची यादी एका मजकूर-फाइलीत ठेवा. आपल्याकडच्या लॅबमध्ये मशीनवर खडूने किंवा स्टिकरने आकडे असतातच. पत्त्याचा शेवटचा आकडा आणि स्टिकरचा आकडा जुळवला तर पुढे डोकं खाजवावं लागत नाही.

आरसिंकची आज्ञा साधारण अशी:

आरसिंक -आरटी --सीएचमॉड=डी७५५,एफ६४४ --ड्राय-रन -व्ही मेनू/ रूट@पत्ता:/

आकडे अर्थातच इंग्रजी. --ड्राय-रन असेपर्यंत काहीच बदलत नाही, काय बदललं जाईल तेवढं दिसतं. ते नीट वाचा, मग तो शब्द काढून पुन्हा चालवा. सीएचमॉडचा, म्हणजे फाइल कुणाला वाचता-बदलता येईल ते ठरवणारा, भाग गाळू नका. फाइल फक्त रूटला (मशीनच्या मुख्य व्यवस्थापक खात्याला) वाचता येईल अशी पोचली तर मुलांच्या खात्यात ती दिसत नाही, चूकही दाखवली जात नाही, आणि तुम्ही तासभर फाइलीतला मजकूर तपासत बसता. आणि --डिलीट हा पर्याय इथे कधीही वापरू नका. शेवटची तिरपी रेघ म्हणजे त्या मशीनचं मूळ फोल्डर. तिथे डिलीट म्हणजे तुमच्या फोल्डरात नाही ते सगळं मशीनवरून पुसायचा हुकूम.

काही मशीनवर रूटला एसएसएचने थेट शिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पासवर्डने रूटला प्रवेश बंदच ठेवा, फक्त किल्लीने द्या. किंवा तुमच्या खात्याने फाइली पाठवून मग सुडोने जागेवर हलवा.

यादीतल्या प्रत्येक पत्त्यासाठी हीच आज्ञा चालवणारी तीन ओळींची लूप लिहिली की दहा-वीस मशीनचं काम चहा येईपर्यंत होतं. त्याहून जास्त मशीन असतील, किंवा दोन-तीन शाळा एकत्र सांभाळायच्या असतील, तर ॲन्सिबल हे अनेक मशीन एकदम सांभाळायचं साधन शिका. समोरच्या मशीनवर त्याला एसएसएच आणि पायथन एवढंच लागतं, वेगळं काही बसवावं लागत नाही.

पण एक अडचण उरते. तुम्ही पाठवता तेव्हा सगळी मशीन चालू असतात का? अभ्यासिकेत निम्मी बंद. रात्रशाळेत मशीन सातनंतर चालू होतात, तेव्हा तुम्ही लोकलमध्ये लटकत असता. अशा ठिकाणी उलटं करा: मशीननेच सुरू झाल्यावर फाइली ओढून घ्याव्यात. लॅबमधल्या एका मशीनवर आरसिंक डिमन (मागे सतत चालू राहून फाइली देणारा आरसिंक) चालवा, फोल्डर फक्त वाचण्यापुरता उघडा, आणि बाकीच्यांच्या रूटच्या क्रॉनटॅबमध्ये (आपोआप चालायच्या आज्ञांची यादी) @रीबूटची, म्हणजे मशीन सुरू होताच चालणारी, एक ओळ घाला. आज्ञेआधी स्लीप ६० लिहा, नाहीतर नेटवर्क जागं होण्याआधीच ती धावते आणि हात हलवत परत येते. जे मशीन आज बंद होतं ते उद्या चालू झाल्यावर आपोआप बरोबरीला येतं.

घरातला कचरा

सगळीकडे पाठवलं, तरी एखाद्या मशीनवर मेनू वेगळाच. बघायची जागा ठरलेली आहे: त्या वापरकर्त्याच्या घरातलं ~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स आणि ~/.कॉन्फिग/मेनूज. पूर्वी कुणी मेनू एडिटर वापरला असेल तर त्याने केलेले बदल तिथे बसलेले असतात आणि घर सगळ्यात वरचढ असल्याने तुमची फाइल हरते. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइनही तिथेच नोंदी टाकतं. कुणीतरी पेनड्राइव्हवरून विंडोजचा गेम इन्स्टॉल करून बघितला की मेनूत 'वाइन' नावाचा कप्पा उगवतो तो असा. मुलांच्या सामाईक खात्यात हे दोन्ही फोल्डर बिनधास्त रिकामे करा. शिक्षकांच्या खात्यात आधी विचारा.

पॅनेलवरची छोटी चित्रंही अशीच फसवतात. एक्सएफसीईमध्ये पॅनेलवर ठेवलेल्या लाँचरची स्वतंत्र कॉपी ~/.कॉन्फिग/एक्सएफसीई४/पॅनेल मध्ये असते. मेनूतून लपवलेला प्रोग्रॅम पॅनेलवर तसाच राहतो. नव्या खात्यांना पहिल्या वेळी मिळणारी पॅनेलची मांडणी सहसा /ईटीसी/एक्सडीजी/एक्सएफसीई४/पॅनेल/डीफॉल्ट.एक्सएमएल मधून येते, तीही तुमच्या फोल्डरमधून पाठवता येते. जुन्या खात्यांवर तिचा परिणाम होत नाही.

लपवलं म्हणजे बंद केलं असं नाही

मेनूतून टर्मिनल काढलं आणि विश्वस्तांना सांगितलं की आता मुलांना टर्मिनल उघडता येत नाही, तर आठवीतला एखादा पोरगा ऑल्ट आणि एफ२ दाबून तुम्हाला खोटं पाडेल. मेनू हा घराच्या दारावरच्या पाटीसारखा आहे, पाटी काढली म्हणून दाराला कुलूप लागत नाही.

खरोखर अडवायचं असेल तर प्रोग्रॅम काढून टाका. शिक्षकांना हवा आणि मुलांना नको असेल तर परवानगी बदला. 'शिक्षक' नावाचा गट बनवा (नाव रोमनमध्ये), आणि मग:

सुडो डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड --अपडेट --ॲड रूट शिक्षक ७५० /यूएसआर/बिन/प्रोग्रॅमचं-नाव

साधं सीएचमॉड केलं तर पुढच्या अपडेटला परवानगी पूर्ववत होते. या आज्ञेने केलेली नोंद पॅकेज मॅनेजर लक्षात ठेवतो. एक्सएफसीईत पॅनेलमध्ये मुलांनी बदल करू नयेत यासाठी किऑस्कची सोयही आहे, पण ती मुलांच्या हाती पूर्ण खोली सोडायची असेल तेव्हाच लावा. खात्यात सुडोचा अधिकार नसला तर एरवी फारसं काही बिघडत नाही.

दिसत नसेल तर या क्रमाने बघा

फाइलीचं नाव तंतोतंत तेच आहे का. परवानगी ६४४ (सगळ्यांना वाचता येईल अशी) आहे का. पहिली ओळ बरोबर आहे का. ट्रायएक्झेक नावाची ओळ असेल तर तिथे दिलेला प्रोग्रॅम त्या मशीनवर आहे का, नसेल तर नोंद गुपचूप लपते. ओन्लीशोइनमध्ये तुमचा डेस्कटॉप आहे का. कॅटेगरीज ओळच नसेल तर 'इतर' कप्प्यात शोधा. एलएक्सडीईवर मेनूची कॅश असते, ती कधीकधी अडून बसते. ~/.कॅश/मेनूज रिकामं करून पुन्हा लॉगिन करा. एक्सएफसीईत एक्सएफसीई४-पॅनेल -आर दिलं की पॅनेल पुन्हा सुरू होतं.

लिनक्सची मूळ ओळख, फाइली, परवानग्या, टर्मिनल हे मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे व्हिडिओ मोफत आहेत. लॅबमध्ये एकदा उतरवून ठेवले की इंटरनेट नसतानाही लावता येतात.

वितरणाची आवृत्ती बदलताना

हे काम मे महिन्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवा. नव्या आवृत्तीत प्रोग्रॅमच्या फाइलींची नावं बदलू शकतात. जीएडिट पूर्वी जीएडिट.डेस्कटॉप होतं, नंतर ऑर्ग.जीनोम.जीएडिट.डेस्कटॉप झालं. नाव बदललं की तुमची फाइल कुणालाच झाकत नाही: लपवलेला प्रोग्रॅम परत दिसतो आणि मराठी नाव दिलेला प्रोग्रॅम दोनदा दिसतो, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत. म्हणून आधी नमुना मशीनच अपग्रेड करा. मग तुमच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलीचं नाव /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये अजून आहे का ते एलएसने तपासा. जे सापडणार नाही त्याचं नवं नाव पायरी १ मधल्या ग्रेपने शोधा. पॅकेजची नवी फाइल पुन्हा कॉपी करून तिच्यात तुमच्या ओळी घाला, कारण नव्या आवृत्तीत एक्झेकही बदललेला असू शकतो. जुन्या नावाची फाइल मूळ फोल्डरमधून आणि प्रत्येक मशीनवरून एसएसएचने आरएम करून काढा. डिलीटशिवायचा आरसिंक ती तिथेच ठेवतो. मग बाकीची मशीन अपग्रेड करा.